धाकट्या डॉक्टरीणबाई निवृत्त होतात

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी निवृत्त व्हायचं कबूल केलं, तेव्हा घरात कुणी फारसा आनंद दाखवला नाही. दाखवला असता तर त्यांनी विचार बदलला असता. दातांचा दवाखाना त्यांचा, खुर्ची त्यांची, आणि त्या खुर्चीशेजारी उभं राहून "आई, कापूस देऊ का?" असं विचारण्यात धाकट्या डॉक्टरीणबाईंची, म्हणजे त्यांच्या सुनेची, उमेदीची वर्षं चालली होती. सून शिकलेली होती, हुशार होती, पण सासूबाईंच्या तोंडून तिने ते कधी ऐकलं नव्हतं. आता एकदाची ती खुर्ची मिळणार होती.

"वेबसाइटवर लिहून टाक," मोठ्या बाई मुलाला म्हणाल्या. "लिहिलं की मलाही मागे फिरता येणार नाही."

वेबसाइट चिरंजीवांनीच बनवली होती. वेबपेज म्हणजे एकात एक बसवलेल्या चौकटी. आईच्या हुकमाप्रमाणे सगळ्यांत मोठी चौकट तिची, आणि तिचं नाव त्यातही आणखी एका सोनेरी चौकटीत. सुनेचं नाव त्याखाली, मोठ्या चौकटीतच पण उघड्यावर. ती घरचीच आहे, तिला कशाला वेगळी चौकट, असा निकाल लागला होता. खाली एका कप्प्यात मदतनीस आणि रिसेप्शनिस्टबाई, दुसऱ्यात दवाखान्याचं कौतुक करणाऱ्या पेशंटांची नावं. दोन्ही कप्पे आईच्याच चौकटीत, कारण माणसं तिची आणि पेशंटही तिचे.

आता कोडकडून एखाद्या नावापुढे काही लिहवून घ्यायचं, तर ते नाव कुठे आहे याचा पत्ता द्यावा लागतो. त्याला सिलेक्टर म्हणतात. चिरंजीवांनी पत्ता दिला: आईची चौकट, आतलं नाव. कोडला पाहुण्यारावळ्यांचा संकोच नसतो. चौकटीच्या आत, कप्प्याच्या आत, तळाशी, कुणाचंही नाव सापडलं की त्यापुढे त्याने इमानेइतबारे 'निवृत्त' लिहिलं. चिरंजीवांनी पेज उघडून पाहिलं नाही. आपलंच काम तपासणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं मत होतं.

सकाळी पहिला फोन बँकेतल्या एका साहेबांचा आला. त्यांनी कधीकाळी दवाखान्याबद्दल दोन बरे शब्द लिहिले होते, आणि आता त्यांच्या हाताखालचे लोक निरोपाची भाषणं तयार करत होते, तेही जरा जास्तच उत्साहाने.

"मी दाढ काढली होती," साहेब म्हणाले. "नोकरी सोडली नव्हती."

तेवढ्यात रिसेप्शनिस्टबाई डोळे पुसत आल्या आणि खणातला आपला कप आणि आरसा पिशवीत भरू लागल्या. काढायचंच होतं तर तोंडावर सांगायचं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. धाकट्या बाईंनी त्यांना पाणी देऊन बसवलं आणि नवऱ्याला फोन लावला.

चिरंजीवांना चूक लगेच कळली. पत्त्यात एक बाणासारखी खूण घातली की कोड फक्त थेट आत असलेलं घेतो, आतल्या कप्प्यांत शिरत नाही. त्यांनी ऑफिसातूनच ती खूण घातली, आणि या वेळी पेज उघडूनही पाहिलं. साहेब मोकळे, रिसेप्शनिस्टबाई मोकळ्या, 'निवृत्त' सगळ्या पेजवर एकदाच. ते समाधानाने चहा प्यायला गेले. 'निवृत्त' एकदाच आहे हे त्यांनी पाहिलं होतं, कुणापुढे आहे ते पाहायचं राहिलं.

आईचं नाव तर सोनेरी चौकटीच्या आत. थेट मोठ्या चौकटीत, उघड्यावर, एकच नाव होतं.

धाकट्या बाईंना हे कळलं ते खुर्चीत आ वासून बसलेल्या एका पेशंटबाईंकडून. त्यांच्या दाढेचं काम अर्धं झालं होतं. मोबाइल दाखवत त्यांनी जमेल तसं विचारलं, की आमची दाढ अशी उघडी टाकून तुम्ही कुठे निघालात? मग फोन सुरू झाले. दवाखान्याचा लागेना, तसे लोक घरी फोन करू लागले, आणि घरी मोठ्या बाई होत्या.

हे सुनेच्या कानावर आलं. पेशंट बोलावताहेत म्हटल्यावर सासूबाई कसल्या थांबतात? दुपारी दवाखाना बंद करून ती तडक घरी आली. नवराही तिच्या फोनवरच्या आवाजाच्या धाकाने रजा टाकून येऊन पोचला. दार लोटलेलं होतं. आत मोठ्या बाई फोनवर बोलत होत्या आणि त्यांच्या मांडीवर इस्त्रीचा पांढरा कोट होता. गेली खुर्ची, सुनेच्या मनात आलं, आणि तिला खरोखरच रडू येऊ लागलं.

"खोटं कशाला बोलू, कोट काढला होता मी," मोठ्या बाई फोनवर सांगत होत्या. "पण गुडघे म्हणाले, बस. आणि मी कशाला हवी? सून कुठेही जात नाहीये. वेबसाइटवर विश्वास ठेवू नका, ती माझ्या मुलाने केलीय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "छे हो, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. माझी दाढ तिनेच भरली, मला कळलंसुद्धा नाही. नाही, तिला नाही सांगितलं. तिच्या तोंडावर कशाला सांगायचं?"

सून भिंतीला टेकून उभीच राहिली. नवरा मात्र अपराध्यासारखा आतल्या खोलीत शिरला आणि लॅपटॉप उघडून बसला. या खेपेला त्याने नीट पत्ता दिला: मोठी चौकट, तिच्या आत सोनेरी चौकट, तिच्या आतलं नाव. नाव कुणाचं आहे तेही वाचून पाहिलं. आता एक बटण दाबायचं, की सगळं जिथल्या तिथे. तो दाबणार तोच मागून आलेल्या बायकोने त्याचा हात धरला.

"राहू दे."

"अगं, लोकांना वाटतंय तू काम सोडलंस. अजून किती जण फोन करतील."

बाहेर फोन पुन्हा वाजला आणि मोठ्या बाईंनी घसा खाकरून तो उचलला.

"करू देत," ती म्हणाली. तिने दार किलकिलं केलं आणि स्टूल ओढून तिथेच बसली. "परवा कर."