पिवळी पुडी आणि चाळीस लाख पिढ्या

नवी भाषा शिकायला लोकांना वर्ष लागतं. मला दोन दुपारी पुरतात! असं मी तैवानमधल्या शिंचूच्या आमच्या कारखान्यात छातीठोकपणे जाहीर केलं. भाषा रस्ट, संगणकाची. त्या शुक्रवारी माझी उमेदवारी संपत होती. नोकरी पक्की करायची की नारळ द्यायचा, हे ज्वांगसाहेब ठरवणार होते.

मी काळ्या पडद्यावर ठिपक्यांची वसाहत वसवली. शेजारी दोन-तीन असले तर ठिपका जगतो. एकटा पडला की मरतो, गर्दी झाली तरी मरतो. माझ्या भाड्याच्या खोलीचाही नियम हाच! रस्ट मात्र खडूस कारकुनासारखी: सतरा वेळा अर्ज परत, अठराव्यांदा मंजूर. आनंदाच्या भरात मी वसाहत थेट कारखान्याची यंत्रं चालवणाऱ्या सर्व्हरवर सोडली आणि इथल्या रीतीप्रमाणे त्या सर्व्हरच्या डोक्यावर खाऊची पुडी ठेवली. पुडी हिरवी असली की यंत्रं शहाण्यासारखी वागतात, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण दुकानात हिरवी संपली होती. मी पिवळी आणली.

दहा मिनिटांत सगळी यंत्रं थंड!

"पिवळी कोणी ठेवली?" ज्वांगसाहेब किंचाळले. "अरे, पिवळा दिवा म्हणजे धोका! लाल ठेवून आगच लावायची होतीस!"

हिरव्या पुडीच्या शोधात सगळा कारखाना धावला, साहेब सर्वांत पुढे. मागे राहिलो फक्त मी आणि आमच्या वरिष्ठ, मेइल्वानताई. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"बाळा, ठिपके मेल्यावर तू त्यांचं काय करतोस?"

"एकेक पिढी जपून ठेवतो, ताई. आठवण म्हणून."

"आतापर्यंत किती?"

"चाळीस लाख."

"सर्व्हर आहे की पितरांचं देवघर? सगळी जागा खाल्लीस की रे!"

त्यांनी वसाहत मिटवली. नेमक्या त्याच क्षणी साहेबांनी धापा टाकत हिरवी पुडी ठेवली. यंत्रं घरघरली. टाळ्या!

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. मला इतकं भरून आलं, की खरं तोंडातून निसटलंच. "साहेब, दोष पुडीचा नव्हता, माझ्या प्रोग्रॅमचा होता! ताईंनी वाचवलं!"

साहेबांचे डोळे पाणावले. "बघा, पुडीचं पापसुद्धा स्वतःवर घेतोय! नोकरी पक्की!" मग ते वळले. "आणि मेइल्वान, सगळे धावत असताना तू खुर्चीत काय करत होतीस?"

ताईंना मेमो मिळाला: आणीबाणीत बसून राहिल्याबद्दल. त्यावर प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराची सही लागते, तोही कायम कर्मचारी. म्हणजे आता मीच!

"कर सही, बाळा," ताई हसत म्हणाल्या. "अक्षर तरी नीट काढ."

ताईंचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. सही मात्र मी अगदी सुवाच्य केली.