मयताच्या घरची वांगी

देन्सियो गेला त्या सकाळी दारात पहिलं माणूस आलं ते वांगी घेऊन. दुसरं आलं तेही वांगी घेऊनच. संध्याकाळपर्यंत फेलिसाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा शवपेटीच्या काचेखाली डोळे मिटून असा पडला होता, जणू या पसाऱ्याशी आपला काडीचा संबंध नाही. तसा तो जिवंतपणीही नसायचाच.

गावाला तरी काय बोलणार? त्या वर्षी सगळ्या पांगासिनान प्रांतात वांगं असं काही पिकलं होतं की व्यापाऱ्यांचे ट्रक यायचे बंद झाले होते. मयताच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं, आणि हातात यायला वांग्याशिवाय कुणाकडे काही नव्हतं. आणलेल्याला घरच्यांनी नको म्हणायचं नसतं, आभारही मानायचे नसतात. आणि मयताच्या घरात आलेलं अन्न मयत घरात असेतो उंबऱ्याबाहेर जात नाही. नेलं, तर नेणाऱ्याच्या मागे मरण जातं.

हे सगळे नियम देन्सियोची थोरली बहीण लुमिंग, जिला सगळे मनांग म्हणजे ताई म्हणत, हिला तोंडपाठ होते. ती पेटीच्या उशाशी खुर्ची टाकून बसली होती आणि तिथून तिला मागचं दारसुद्धा दिसत होतं.

"फेलिसा, ती टोपली कुठे निघाली?"

"शेजारच्या डुकरांना घालते, मनांग."

"आधी डुकरं मरतील, मग त्यांचा मालक. ठेव खाली."

फेलिसाने टोपली खाली ठेवली. दफन उरकावं, तर मुलगा नेस्टर कुवेतला. त्याचा मालक त्याला सोडत नव्हता. रोज फोनवर तो आईला "उद्या निघतो, नानांग, नक्की" म्हणायचा आणि रडायचा. बापाचं तोंड त्याला एकदा दिसावं, एवढंच फेलिसाला देवाकडून हवं होतं. मयत टिकायचं औषध टोचलेलं होतं, पण तोवर पेटीपाशी चोवीस तास कुणीतरी जागं हवं, आणि जागणाऱ्यांच्या पोटात काहीतरी जायला हवं.

मग काय, पहिल्यांदा तिने वांगी निखाऱ्यावर भाजली, सोलली, चेपली आणि अंड्यात बुडवून तळली. लोक बोटं चाटत राहिले. मग भाजलेली कुस्करून कांदा-टोमॅटो आणि आंबवलेल्या मासळीबरोबर वाढली. मग भोपळा आणि कारल्यात शिजवली. अंडी संपली तशी नुसत्या चकत्या तळून शिरक्याबरोबर ठेवल्या. जागं राहायला पत्ते खेळणारे पानं टाकता टाकता खात होते. पुढे पुढे ते पत्ते हातातून सोडीनात, म्हणजे ताट घ्यावं लागणार नाही.

"वहिनी, आज काय आहे?" शेजारच्या पितोयने एकदा भीत भीत विचारलं.

"लोणचं."

"कशाचं?"

फेलिसाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पितोयने टोपी घातली आणि त्याला घरचं एक काम आठवलं. हळूहळू साऱ्या गावालाच कामं आठवू लागली. येणारे कमी झाले, पण वांगी येतच राहिली. लोक दारातून टोपली आत सरकवून पळ काढायचे.

त्यात मनांग लुमिंगचं तोंड चालू होतं. जो कुणी येईल त्याला ती काच दाखवायची. "बघा हो माझ्या भावाचं तोंड! कसा धिप्पाड गडी होता. खायला घातलं असतं तर असा वाळला असता का?"

फेलिसाच्या काळजाला घरं पडायची. देन्सियोला पोटातल्या आजाराने खाल्लं होतं. शेवटी शेवटी तर पेजही आत राहत नव्हती. हे लुमिंगला ठाऊक नव्हतं का? पण भाऊ गेल्यावर कुणावर तरी राग काढायचा असतो, आणि भावजय हाताशीच असते.

एका दुपारी पेटीपाशी बसायची पाळी फेलिसाची होती. घरभर माणसं उष्म्याने लवंडली होती. नवऱ्याकडे बघता बघता तिच्या ध्यानात आलं, की पेटी आपण त्याच्या जुन्या अंगाच्या मापाने घेतली. खालच्या अर्ध्या झाकणाखाली नुसती पोकळी आहे. मयत घरात असेतो बाहेर जायचं नाही, ठीक. पण मयताबरोबर गेलं तर? तिने खालचं झाकण हळूच उचललं, न बघताच आपल्या परसातली लांब जांभळी वांगी टोपलीभर आत लोटली आणि छातीवर क्रुसाची खूण केली. "माफ कर हं," ती देन्सियोला म्हणाली. "तूच लावलेली आहेत."

दफनाचा दिवस ठरला. नेस्टरचं विमान मनिलाला उतरलं होतं, पण बस वाटेत अडकली होती. पाद्रीबाबांना पुढच्या गावी लग्न लावायचं होतं, ते थांबायला तयार नव्हते. "तोंड झाका आणि उचला," ते म्हणाले. फेलिसाने रस्त्याकडे पाहिलं. एवढे दिवस पेटी घरात ठेवून पोराला शेवटी मातीचा ढिगाराच दिसणार का?

उचलणारे पुढे झाले, जोर लावला. पेटी हलेना.

"बाप रे! केवढा जड!" पितोयने घाम पुसला. "मनांग, हा वाळलेला म्हणत होतीस ना?"

लुमिंगचा चेहरा पाहण्यासारखा झाला. फेलिसा एरवी खरं सांगून मोकळी झाली असती. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत म्हणत होतं, की हिचा नवरा खाऊनपिऊन गेला. शिवाय पेटी हलत नव्हती, तोवर नेस्टरची बस पुढे सरकत होती. 

"त्याला जायचं नाहीये," लुमिंग घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कुणाचं तरी काहीतरी सांगायचं राहिलंय. बोला, ज्याचं असेल त्याने बोला!"

पितोय पेटीशी गुडघे टेकून बसला. "देन्सियो, तुझा झुंजीचा कोंबडा कुत्र्याने नेला नव्हता रे. मी रस्सा केला." पुन्हा जोर लावला, पेटी तसूभर वर आली आणि धपकन् खाली बसली. पाद्रीबाबा घड्याळ बघत होते. शेवटी लुमिंग स्वतःच पुढे आली.

"तो म्हणायचा," तिला हुंदका फुटला, "फेलिसाच्या हातचं भाजलेलं वांगं जिभेवर ठेवलं तरी बरं वाटतं. गिळवत नाही, पण वास घेतो. मी हे तिला कधी सांगितलं नाही. माझ्या हातचं तो मागत नव्हता म्हणून."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि नेस्टर आत धावला. त्याने आईला मिठी मारली, वरचं झाकण सारून, काचेवर हात ठेवून बापाचं तोंड पाहिलं आणि पिशवीतून नवेकोरे बूट काढले.

"आयुष्यभर स्लिपरा घातल्या त्यांनी. हे घालूनच जाऊ देत."

"अरे, मेलेल्याला बूट घालत नाहीत! रात्री पावलं वाजतात घरात!" लुमिंग ओरडली.

"वाजू देत!" म्हणत नेस्टरने खालचं झाकण उघडलं.

पाय दिसेनात. काठोकाठ वांगी होती.

फेलिसाने डोळे मिटून घेतले. आता गाव थुंकणार. मग तिने डोळे उघडून नीट पाहिलं. तिची लांब जांभळी वांगी तळाशी होती. वर गोल, हिरव्या रेघांची होती, तशी पितोयच्या मळ्याशिवाय कुठेच होत नाहीत. कोपऱ्यांत कुणाकुणाची पांढुरकी कोंबलेली होती. आणि सगळ्यांच्या वर, बोटाएवढी फिकट, व्यवस्थित रचून ठेवलेली मनांग लुमिंगची.

"माझ्या पाळीला..." लुमिंगने रुमाल तोंडाला लावला. "मला वाटलं, तेवढंच फेलिसाचं रांधणं कमी."

पितोय छताकडे बघत होता. सगळं गाव छताकडे बघत होतं. पाद्रीबाबा तेवढे हसले, आणि मग त्यांनाच लाज वाटली.

टोपल्या आणल्या, वांगी काढली. नेस्टरने बापाच्या पायांत बूट घातले. पाय इतके बारीक झाले होते की नाड्या ओढून ओढूनही बूट सैल राहिले. मग उचलणाऱ्यांनी पुन्हा कंबर कसली, मघासारखाच जोर लावला, आणि पेटी एवढ्या झटक्याने वर गेली की पुढच्या दोघांचा तोल गेला.

फेलिसा इतके दिवस रडली नव्हती. रांधण्यातून सवडच मिळाली नव्हती. माणसांच्या खांद्यांवर ती पेटी अशी अलगद वर गेलेली तिने पाहिली आणि मटकन खाली बसून तिने हंबरडा फोडला. एवढाच उरला होता तो. एवढंच ओझं होतं त्याचं.

मनांग लुमिंग तिच्याजवळ आली. तिने भावजयीला उठवलं नाही. टोपलीतली दोन मुठी वांगी घेतली, जांभळी, फेलिसाच्या परसातली.

"थांबा रे," ती उचलणाऱ्यांना म्हणाली. "खाली ठेवा. थोडी राहू देत आत."