आबासाहेबांच्या फोनमधला शनी

आबासाहेब अंथुर्ण्याहून पणदऱ्याला घर बघायला येणार म्हटल्यावर बनाबाईंनी सगळं घर झाडून-पुसून घेतलं आणि गच्चीवरची दुर्बीण तेवढी लपवायला लेकाला बजावलं. युवराजनं ऐकलं नाही. त्याला स्वराली पसंत होती, स्वरालीला तो पसंत होता. घोडं अडलं होतं तिच्या वडिलांच्या, म्हणजे आबासाहेबांच्या साडेसातीपाशी. ती सरेपर्यंत घरात शुभकार्य काढायचं नाही, असं ते भेटेल त्याला ऐकवत. दुर्बिणीनं तरी त्यांचं मन वळेल, अशी युवराजची भाबडी आशा होती.

दिवेलागणीनंतर पाहुण्यांना गच्चीवर नेऊन त्यानं चंद्र दाखवला. आबासाहेब भिंगाला डोळा लावून बघतच राहिले. मग युवराजनं त्यांचाच फोन मागून घेतला, भिंगाला टेकवला आणि श्वास रोखून फोटो काढले. दोन-चार हलले, एकात नुसता अंगठा आला, पण शेवटचा असा निघाला की चंद्रावरचा खड्डा न् खड्डा दिसावा. आबासाहेब हरखले. त्यांनी तो लगेच भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘जावईबापूंच्या दुर्बिणीतून’.

ते वाचून युवराजला आभाळ ठेंगणं झालं. तिथंच थांबला असता तर बरं होतं, पण पठ्ठ्याला हुरूप चढला. त्यानं दुर्बीण दुसऱ्या एका ठळक ठिपक्याकडं वळवली. बुंदीच्या दाण्याला कडं घालावं तसं काहीतरी दिसलं. आबासाहेबांनी ते डोळे भरून पाहिलं, त्याचाही फोटो काढून घेतला आणि ग्रुपवर पाठवला. ही कुठली चांदणी, असं त्यांनी विचारलं तेव्हा कुठं युवराजच्या डोक्यात प्रकाश पडला. तो शब्द शोधतोय तोवर ग्रुपवर स्वरालीचं उत्तर आलं, ‘आबा, हा शनी आहे.’

आबासाहेब मटकन खाली बसले. दर शनिवारी तेल वाहताना ज्यांनी कधी शनिदेवाकडं मान वर करून पाहिलं नव्हतं, त्यांनी आज एक डोळा मिटून त्याला निरखलं होतं आणि वर त्याला फोनमध्ये घालून घेतलं होतं.

“डोळ्याला डोळा भिडला रं माझा,” एवढंच ते म्हणाले.

शनी म्हणजे वायूचा गोळा, असं युवराज समजावू लागला तोच फोन वाजला. आबासाहेबांच्या थोरल्या बहीण रंगूबाई स्वरालीच्या फोनवरून बोलत होत्या. त्यांनी आधी आपल्या फोनवर आलेल्या फोटोच्या पाया पडून घेतलं होतं. मग तो शनी आहे हे कळल्यावर रीतीप्रमाणं त्याच्यावर पळीभर तेल वाहिलं होतं. त्यांचा फोन तिथंच बंद पडला होता.

“पयला झटका दिला बघ त्यानं,” रंगूबाई म्हणाल्या. “ऊठ तितनं.”

आबासाहेब उठून जिन्याकडं निघाले. बनाबाईंनी लेकाकडं असं पाहिलं की त्यापुढं शनी परवडला. युवराजच्या तोंडचं पाणी पळालं. जमत आलेली सोयरीक त्याच्या डोळ्यांदेखत जिना उतरत होती.

“आबा, त्यो लई लांब हाय वो,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. “तितनं उजेड निघाला तर हितं पोचायला तासाच्या वर लागतो.”

आबासाहेबांनी वळून विचारलं, “आन हितनं तितं?”

“तेवढाच.”

ते पायरीवर थबकले. त्यांनी बोटांवर कसलासा हिशेब केला.

“म्हंजे मी त्याच्याकडं बघितलं, ह्ये त्याला अजून दिसलंच न्हाय?”

ग्रहाला डोळे नसतात, हे युवराजच्या अगदी जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं आपलं ज्ञान गिळलं.

“न्हाय, आबा.”

“मग हुभ्या काय ऱ्हायलाय, विहीणबाई? सुपारी काढा. त्याला दिसायच्या आत उरकून टाकू.”

बनाबाई थक्क झाल्या. सोयरे नाहीत, भटजी नाहीत, घरात होता तो नारळ दुपारीच आमटीत गेलेला. पण आबासाहेबांना धीर नव्हता. नारळ मागाहून फोडू म्हणत त्यांनी स्वतःच अडकित्त्यानं सुपारी फोडली, युवराजच्या तोंडात साखर कोंबली आणि पायांत चपला सरकवल्या. युवराज साखर चघळायचंही विसरून बघत राहिला.

गाडी सुरू झाल्यावर आबासाहेबांनी काच खाली केली.

“जावईबापू,” ते हळू आवाजात म्हणाले, “लगीन बी तासाभरात उरकंल असं बघा.”