रानमांजराचं पान

तुळजारावकाका रोज संध्याकाळी मागच्या भिंतीवर केळीच्या पानात तूपभात वाढत, "का, का" करून कावळ्यांना बोलवत आणि कावळे आले की छत्रीनं हाकलत. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत याचा अर्थ कुणालाच लागत नसे. मी तर भिंतीपलीकडचा शेजारी, मलाही नाही.

"बोलवायचें ही रीत," काका म्हणाले. "खायला दुसरें कोणी येतें. समजलें नव्हे?"

येत होतं ते रानमांजर. घरच्या मांजराहून लहान, अंगावर गंजासारखे ठिपके. काकूंच्या वर्षश्राद्धाला कावळा शिवेना, तेव्हा कालव्याकडच्या बांबूंतून ते आलं आणि भात खाऊन गेलं. तेव्हापासून ते जेवल्याशिवाय काका जेवत नसत. दिवेलागणीला पानाकडे पाठ करून बसत.

"पाठ कशाला, काका?"

"कोणी बघितलें तर ती जेवत नाही. उंदीर, बेडूक, सरडा, सगळें चालतें. पण एकांत पाहिजे. तुझ्या काकूचेंही तसेंच होतें."

सांगायला लाज वाटते. त्या मांजरानं माझी चार कबुतरं मारली, तेव्हा मी पिंजरा लावून ते धरलं, पोत्यात घालून बसनं पापनाशमला नेलं.

"पोत्यात काय?" बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं.

"वांगी."

वांगी गुरगुरली. बाई उठून पुढे जाऊन बसल्या. मी मांजर तिथल्या कालव्याकाठी सोडलं.

त्यानंतर दोन दिवस पान तसंच राहिलं. काकाही उपाशी. "आली नाही अजून," एवढंच म्हणत. तिसऱ्या दिवशी ते पाठ करून बसल्यावर मी माझ्या बाजूनं पान ओढलं. काकूंच्या नावाचं अन्न टाकायला हात धजेना, म्हणून भिंतीआड उकिडवा बसून खाल्लं आणि रिकामं पान परत ठेवलं. काका वळले, पान बघितलं आणि जेवायला गेले.

असं दीड महिना चाललं. रोज कबूल करायचं ठरवत होतो आणि रोज जेवत होतो.

एका संध्याकाळी मागे न वळता काका म्हणाले, "तूप कमी पडलें का काल?"

माझा घास तोंडातच राहिला. विचारलं ते मांजराला, काकूंना की मला, काही कळेना.

दुसऱ्या दिवशी तूप जास्त होतं. पानाच्या डाव्या कडेला लिंबाच्या लोणच्याची एक फोडही होती. मांजर लोणचं खात नाही. काकूंना ते आवडायचं का, हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.