नीळकंठपंतांच्या टोमॅटोंस दोरा बांधिला, त्याची हकीकत

श्री भूमाता प्रसन्न. जी पेरिलेले मुकाट्याने उगवू देते आणि न पेरिलेले कोणी कितीही बोलिला तरी उगवू देत नाही, तीस दंडवत घालोन हे वर्तमान लिहावयास घेतले. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष मास. ते समयी कोणे एके नगरीत चार मजल्यांची एक इमारत होती, आणि तिचे माथ्यावर गच्ची होती, आणि त्या गच्चीचे राज्य राजश्री नीळकंठपंत उकिडवे हे करीत होते. पंत पूर्वी नगरपालिकेत जन्ममृत्यूचे दाखले लिहीत. तेथून निवृत्त जाहले आणि घरात बसोन करमेना, मग कुंड्या आणविल्या, माती चढविली, आणि टोमॅटोचा नाद लागला तो ऐसा की सौभाग्यवती सुमतीबाई म्हणत, "पोरांच्या तापात एवढे उठला नाहीत, जेवढे या झाडांना बघायला उठता." टोमॅटो तरी कैसा, तर गावठी, चपटा, अंगावर लाल भोपळ्यासारख्या फाका, साल पातळ, चवीस आंबटगोड, बाजारात औषधाला मिळावयाचा नाही. त्याचे बी पंतांस मातुश्री द्वारकाबाई सामंत यांनी दिले होते. यांस लहानथोर आक्का म्हणत, वय अठ्ठ्याहत्तर, आणि नगरीतील बागप्रेमी मंडळाच्या त्या मुख्य. मंडळाचा दंडक ऐसा की, जे बी दुसऱ्यास द्यावयाचे ते आपुल्या हाते वाढविलेल्या झाडाचेच असावे आणि पुडीवर आपुले नाव आपुल्या हाते लिहावे. बी पाहोन कोणास काही कळत नाही, फळ येईतो चार मास जातात, म्हणोन सारा भरवसा पुडीवरील नावाचा. रथसप्तमीस मंडळाचे हळदीकुंकू होई आणि त्यात वाण म्हणोन बियाण्याच्या पुड्या वाटीत. यंदा वाण नीळकंठपंतांच्या टोमॅटोचे द्यावे, ऐसे आक्कांनी ठरविले, तेव्हां पंतांस आकाश ठेंगणे जाहले.

इतक्यात एक अखबारनवीस गच्चीवर दाखल जाहला. त्याने पंतांस तीन प्रश्न पुसिले, चौथ्याचे उत्तर आपणच देऊन लिहून घेतले, आणि पंतांचे हाती रिकामी झारी देऊन तसबीर काढिली. दुसरे दिवशी ती तसबीर छापोन आली आणि पंतांची कीर्ती दशदिशा पसरली, म्हणजे दूधवाला, वाणी आणि नाशकाची मावसबहीण इतक्यांनी वाखाणिले. पंतांनी त्या अंकाच्या पाच प्रती आणविल्या आणि एक सहज राहिली ऐसे दाखवोन दिवाणखान्यातील मेजावर ठेविली. मनुष्याचे मन मोठे गमतीचे. बत्तीस वर्षे ज्याने इतरांची नावे लिहिली, त्यास आपुले नाव छापील दिसता गुदगुल्या जाहल्या, यात नवल ते काय?

ती बातमी वाचोन कोणा दूरचित्रवाणीवाल्यांनी मोहीम काढिली. संक्रांतीचे दुसरे दिवशी, करीदिनी, त्यांची स्वारी आली. सुमतीबाई म्हणाल्या, "करीदिनाला नवीन काही करू नये हो." पंत म्हणाले, "मुलाखत म्हणजे काही मुंज नव्हे." मग मुग्धा नामे बातमीदार बाई, सोबत कॅमेरा धरणारे बबनराव ऐसे चार जिने चढोन वर आले. आधी चहा जाहला, तिळाच्या वड्या जाहल्या, आणि मग मुग्धाबाईंनी झाडांकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. झाडे सहा आणि त्यांवर फळे मोजून अकरा, त्यातील चार हिरवी. मुग्धाबाई म्हणाल्या, "काका, झाडं जरा रिकामी वाटतात हो. पेपरात तर मळा म्हटलंय." पंत म्हणाले, "ते त्यांनी म्हटलंय. यांना एवढीच लागतात." बबनराव कॅमेऱ्यातून पाहोन म्हणाले, "यात तर नुसता पालाच दिसतोय." ऊन उतरू लागले होते, आणि संध्याकाळचे बातम्यांत हे दाखवू म्हणोन मुग्धाबाई वरिष्ठांस शब्द देऊन बैसल्या होत्या. मग त्यांनी मसलत करून बबनरावांस कोपऱ्यावरील भाजीवाल्याकडे रवाना केले, आणि ते तीन किलो टोमॅटो घेऊन आले, आणि मुग्धाबाई म्हणाल्या, "काकू, हिरवा दोरा आहे का हो घरात?"

येथे पंतांनी नाही म्हणावयाचे होते. परंतु ज्याने आपुले घरचा चहा घेतला त्यास तोंडावर नाही म्हणणे पंतांस सात जन्मांत जमले नव्हते. ते घसा खाकरीत राहिले, आणि सुमतीबाई, ज्यांनी करीदिनाचा बोभाटा केला होता त्याच, शिवणाच्या डब्यातून दोरा घेऊन आल्या आणि गजरा बांधावा तैसे एक एक फळ देठाशी आवळीत चालिल्या, आणि त्यात त्यांस ऐसा रंग चढिला की तिसऱ्या झाडापाशी त्या म्हणाल्या, "इथे अजून दोन मावतील." आता बाजारचा टोमॅटो लांबुडका, गुळगुळीत, अंड्यासारखा. आणि पंतांचा चपटा, फाकांचा. एकाच फांदीवर दोन्ही लोंबू लागले. पंतांस हे दिसले. मग कॅमेरा सुरू जाहला आणि मुग्धाबाईंनी पुसिले, "काका, किती येतात एका झाडाला?" पंत म्हणाले, "येतात बरेच." संध्याकाळी बातमीत त्या "बरेच"चे पाचशे जाहले, आणि पंतांचे चित्राखाली "टोमॅटोसम्राट" ऐसा किताब झळकला.

इमारतीत जल्लोष उडाला. खालच्या मजल्यावरील मंडळींनी पेढे दिले. पंतांनी पेढा तोंडात घातला आणि मोबाईलवर बागप्रेमी मंडळाचा गट उघडिला, तो तेथे चिडीचूप. एरवी कोणाचे मिरचीस फूल आले तरी चाळीस हात जोडिले जात. मग अर्ध्या तासाने आक्कांचा मजकूर आला. "नीळकंठराव, बातमी पाहिली. एका झाडावर दोन जातींची फळं मी अठ्ठ्याहत्तर वर्षांत पाहिली नव्हती. दोरा चांगला पक्क्या रंगाचा दिसतो. वाणाच्या बिया यंदा दुसरीकडून घेऊ." एवढेच. त्याखाली कोणी चकार शब्द लिहिला नाही.

पंतांस पेढा गोड लागेना. त्यांनी उत्तर लिहावयास घेतले, पुसिले, फिरोन लिहिले, फिरोन पुसिले. टीव्हीवाल्यांनी बांधिले ऐसे लिहावे, तर आपण उभे राहोन पाहिले ते कोठे लपवावे? तीन दिवस पंत गच्चीवर जात आणि झाडांकडे पाठ करून बसत. शेवटी सुमतीबाईंस म्हणाले, "सुमती, टीव्हीवर हसं झालं त्याचं काही नाही गं. पण आता माझ्या नावाची पुडी कोणी घेणार नाही. मी उद्या सोन्यासारखं बी दिलं तरी लोक म्हणतील, कुठून आणलंय कोण जाणे." आणि डोळे पुसिले. सुमतीबाईंस बहुत वाईट वाटिले, कारण गाठी त्यांनीच मारिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आक्कांना लिहून काय होणार? सगळ्यांनी पाहिलं ते टीव्हीवर. तिथेच सांगा ना."

ईश्वरी इच्छा ऐसी की दुसरेच दिवशी मुग्धाबाईंचा फोन आला. "काका, तुमची बातमी फार चालली. उद्या सकाळी गच्चीवरून थेट दाखवतोय. तुम्ही फक्त हसत राहा." पंत म्हणाले, "या." मग ते गच्चीवर गेले आणि सुमतीबाईंनी मारिलेल्या गाठी एक एक सोडविल्या, बाजारचे सारे टोमॅटो उतरवोन टोपलीत भरिले आणि टोपली कुंड्यांपुढे मांडिली.

प्रातःकाळी मुग्धाबाई वर आल्या, बोडकी झाडे पाहोन मटकन बसल्या. "काका, हे काय केलंत?" ऐसे म्हणतात तो बबनरावांनी बोट वर केले आणि थेट प्रक्षेपण सुरू जाहले. मग मुग्धाबाई हसोन म्हणाल्या, "आपल्यासोबत आहेत टोमॅटोसम्राट. काका, एका झाडाला पाचशे टोमॅटो, गुपित काय?" पंत म्हणाले, "पाचशे नाहीत. सहा झाडांना मिळून अकरा. त्यातला एक काल खारीनं खाल्ला, म्हणजे दहा. त्या दिवशी तुम्ही लोकांनी पाहिले ते या टोपलीतले, बाजारचे. ते दोऱ्यानं बांधलेले होते. मी इथेच उभा होतो, मला दिसत होतं आणि मी नाही म्हटलं नाही. चूक माझी. मला टोमॅटोसम्राट म्हणू नका, मला टोमॅटो लावायला आवडतात एवढंच." मुग्धाबाईंचे कानातील यंत्रात कोणी वरिष्ठ ओरडत होते, ते पंतांसही ऐकू येत होते. मग काय त्यांचे मनात आले देव जाणे, त्या कानातील यंत्र काढोन म्हणाल्या, "काकांची एकट्यांची नाही. दोरा मी मागितला होता." जिन्यापाशी पदराआड उभ्या सुमतीबाई तेथूनच म्हणाल्या, "आणि बांधला मी." तेथेच जाहिरात लागली, ती अर्धा तास संपली नाही.

दोन प्रहरी आक्का आल्या. इमारतीस लिफ्ट नाही, गुडघे धरलेले, म्हणोन प्रत्येक मजल्यावर खुर्ची मांडिली, आणि आक्का बसत, पाणी पीत, फिरोन उठत, ऐशा तासाभरात गच्चीवर पोहोंचल्या. पंत हात जोडोन उभे. आक्कांनी त्यांजकडे पाहिले देखील नाही. झाडांमधून फिरल्या, सर्वांत पिकलेला टोमॅटो खुडिला, हुंगिला, दोहों हातांनी फोडिला, सुमतीबाईंनी मीठ दिले ते लाविले आणि उभ्याउभ्याच खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला. मग पदरास हात पुसोन त्या म्हणाल्या, "हाच तो. माझ्या माहेरचा." आणि थोडे थांबोन म्हणाल्या, "मी देखील त्या पोरीपुढे नाही म्हटलं नसतं बहुतेक. दिसायला गोड आहे. पण मग पुन्हा टीव्हीवर जाऊन हे सांगितलं असतं का, ते काही सांगवत नाही." पंत उपरण्याने डोळे पुसू लागले. आक्का म्हणाल्या, "रडू नका, कामाला लागा. हिरवे पिकत ठेवा, पिकलेल्यांच्या बिया आजच वाटीत भिजत घाला. साठ पुड्या लागतील. आणि नाव ठळक लिहा, नीळकंठ उकिडवे. बायका विचारतात मला, कोणाचं बी, कोणाचं बी, सारखं सांगत बसायला मला दम नाही."

एणेंप्रमाणे रथसप्तमीस साठ पुड्या वाटिल्या, आणि एकसष्टावी मुग्धाबाईंस दिली, त्या कॅमेऱ्याविना आल्या होत्या. त्या हंगामी पंतांचे घरी त्या टोमॅटोची एक फोडही कोणाचे जिभेस लागली नाही, सारे बियाण्यास गेले. राज्य एका गच्चीचे, फळे दहा, त्यांतील एक आक्कांनी खाल्ले, आणि नाव एकसष्ट घरी पोहोंचले. जैसे घडले तैसे लिहिले, फुगवोन काही लिहिले नाही.