सात नंबरच्या चौकोनातलं निळं खापर

बाळांनो, डोळे मिटा पाहू. दोन्ही नको, एकच. पुढचं वाचायचं आहे! आता कल्पना करा, तुम्ही एका गच्चीवर उभे आहात आणि पायांशी फुटक्या मडक्यांचे तुकडे वाळत पडलेत. जपून, पाय देऊ नका. ती आत्याची खापरं आहेत.

आत्या पुरातत्त्वाची अभ्यासक होती. गावाबाहेर कुण्या सुलतानाने बांधलेला जुना किल्ला होता. इतर लोक किल्ल्यात शिरत. आत्या मात्र तटाबाहेरच्या माळावर दोऱ्यांचे चौकोन आखून किल्ल्याभोवती कोण राहत होतं ते शोधत होती. सात नंबरच्या चौकोनात लाल खापरं मिळाली आणि तिची खात्रीच पटली, की इथे कुंभारांची वस्ती होती. पण त्या जागेवर आता गाड्यांचा तळ व्हायचा होता. आज पुरातत्त्व खात्याच्या मोठ्या साहेबांनी सही केली, तरच उत्खनन.

साहेब गच्चीवर आले, वाकले आणि त्यांनी नेमकं एक निळं, चकचकीत खापर उचललं.

“बाई, हे कालपरवाचं दिसतंय. म्हणजे सात नंबरची माती वरखाली झालेली. मग खोदून काय उपयोग?”

आत्या चक्रावली. “अहो, मी वेचलेली सगळी लाल होती!” तिने वही काढली. वहीत एकेचाळीस. खापरं मोजली, तर सेहेचाळीस! पुन्हा मोजली, सेहेचाळीसच. “दादा, इथे कोणी आलं होतं का रे?”

“छे! कावळा असेल,” तिचा भाऊ कठड्यापलीकडे बघत म्हणाला.

“कावळे नेतात, दादा. आणून ठेवत नाहीत.”

साहेबांनी पेन खिशात ठेवलं.

दादाची सात वर्षांची मुलगी, खारूताई, मघापासून तिथेच उकिडवी बसली होती. तिने निळं खापर घेतलं आणि सरळ जिभेला लावलं.

“शी! टाक ते!” तिचे बाबा ओरडले.

“आत्या, हे खारट आहे.”

“मातीत मीठ असतंच,” बाबा घाईघाईने म्हणाले.

“मग लालही खारट लागायला हवं,” असं म्हणून साहेबांनी एक लाल खापर रुमालाने पुसून चाटलं. अळणी! आत्याने दुसरं चाटलं. तेही अळणी!

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन वर आली. बघते तर काय, तिघं जण मडकी चाटताहेत.

“इतकी भूक लागली होती, तर सांगायचं नाही का?” म्हणता म्हणता तिची नजर निळ्या तुकड्यावर पडली. “अगं बाई! ही तर माझी मिठाची बरणी! सकाळपासून शोधतेय!”

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं.

“हातातून सटकली,” तो पुटपुटला. “म्हटलं, खापरांत खापर खपून जाईल.”

साहेबांनी पेन काढलं आणि सही केली.

आणि खारूताईने काय केलं? तिने पाचही निळे तुकडे पिशवीत भरले आणि आत्या करते तशीच वर चिठ्ठी बांधली: ‘चौकोन: स्वयंपाकघर. कोणाला सापडलं: मला. खापर: बाबांच्या डोक्यावर.’