डोळे न मिटणारा हवालदार

“यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही,” असं भाऊ टिल्लूंनी सोसायटीच्या बाकावर बसता बसता जाहीर केलं, आणि विश्वास न ठेवण्याची सोय व्हावी म्हणून क्षणभर थांबलेही. समोर तिसऱ्या मजल्यावर नुकताच भाड्याने आलेला केदार उभा होता. बाजूला भाऊंच्या खालच्याच फ्लॅटमधल्या शीलाताई मटार सोलत बसल्या होत्या. बिचाऱ्या केदारने एवढंच विचारलं होतं की, सोसायटीच्या ॲपवर चेहरा नोंदवायला किती वेळ लागतो.

“माणसाला दोन मिनिटं,” भाऊ म्हणाले. “माशाचं विचारू नकोस.”

अर्थातच केदारने विचारलं.

वर्तकनगरातली ही सोसायटी जुनी चार मजल्यांची होती, तेव्हा कोणाकडे कोण येतं, किती वेळ बसतं आणि काय खाऊन जातं हे सगळ्यांना ठाऊक असे. रीडेव्हलपमेंट होऊन टॉवर झाला आणि कोणाला काहीच कळेनासं झालं. म्हणून ते ॲपला कळणं गरजेचं झालं. सेक्रेटरी सर्वेश हा मूळचा कॉम्प्युटरवाला. त्याने ठराव आणला : ‘सदनिकेत वास्तव्य करणाऱ्या प्रत्येक सजीवाची मुखनोंदणी अनिवार्य राहील. नोंदणी नसलेल्या सजीवाचे वास्तव्य अनधिकृत समजून ते वार्षिक सभेच्या मान्यतेने हटविण्यात येईल.’ कुत्र्यांची नोंदणी झाली, मांजरांची झाली. झुरळांच्या बाबतीत समितीने मुदतवाढ दिली.

राहिला भाऊंचा मासा, हवालदार. केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे, म्हणून हवालदार. निवृत्त झाल्यावर भाऊंनी काचेच्या टाकीतल्या पाण्यात मोजून मीठ घालून दिवाणखान्यात समुद्र केला होता. भरती-ओहोटी सोडली तर त्यात काही कमी नव्हतं. भाऊ रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचत. पहिल्याच बातमीला त्यांच्या पत्नी नीलावहिनी उठून स्वयंपाकघरात जात, पण हवालदार काचेला नाक लावून अग्रलेखापर्यंत थांबे. आयुष्यात भाऊंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा हा एकमेव श्रोता. तोच आता अनधिकृत ठरत होता.

“काका, रूल सगळ्यांना सेम आहे,” सर्वेश म्हणाला. “दोन्ही डोळे दिसले पाहिजेत, बॅकग्राउंड प्लेन, तोंड बंद.”

“अरे, माशाचे डोळे दोन बाजूंना असतात. आणि तोंड बंद ठेवून तो श्वास कसा घेणार?”

“मग समोरून काढा ना. तिसऱ्या मजल्यावरच्या पोपटाने पण दिलाय की फोटो.”

भाऊंनी मोबाइल सरसावला. पहिल्या फोटोत सगळं निळं आलं, दुसऱ्यात नुसती शेपटी आली. तिसऱ्यात मासा बरोबर मधोमध आला. मात्र काचेत भाऊंचं प्रतिबिंबही आलं. हवालदार त्यांच्या कपाळावर गंधासारखा आडवा आणि खाली भाऊंचे दोन टपोरे डोळे. ॲपला दोन डोळेच हवे होते. त्याने ते घेतले आणि हिरवी खूण केली : ‘मासा. फ्लॅट सातशे चार. नोंद स्वीकारली. पडताळणी प्रलंबित.’

“म्हणजे तुमचा चेहरा माशाच्या नावावर लागला?” केदारने विचारलं.

“दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आलो, तर वॉचमन गेट उघडेना. म्हणतो, ‘साहेब, इथे तुम्हाला पाळीव प्राणी दाखवतंय. पट्ट्याशिवाय आत घ्यायची ऑर्डर नाही.’ मी म्हटलं, अरे, गेल्या दिवाळीला तुला स्वेटर दिला तो मी! तर म्हणाला, ‘ते बरोबर आहे साहेब, पण सिस्टीम नाही म्हणते.’ शेवटी नीला खाली आली, माझ्या गळ्यात स्वतःची ओढणी अडकवली आणि सर्व्हिस लिफ्टने वर घेऊन गेली. लिफ्टमध्ये एक बाई होत्या, त्या तिला विचारतात, ‘चावत नाहीत ना?’”

“आणि वहिनी काय म्हणाल्या?”

“म्हणाली, ‘फक्त बोलतात.’”

शीलाताई मटार सोलता सोलता खुदकन हसल्या. ओढणीचं प्रकरण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

भाऊ सर्वेशकडे धावले. सर्वेश म्हणाला, चूक दुरुस्त करता येते, पण पडताळणी पूर्ण झालेल्या नोंदीतच. तेव्हा आधी पडताळणी करा.

या वेळी भाऊंनी कसर ठेवली नाही. काच आतून-बाहेरून पुसली. पाणी हलू नये म्हणून पंप तेवढ्यापुरता थांबवला. खोलीतले दिवे मालवले, पडदे ओढले, काचेत आपण दिसू नये म्हणून काळा शर्ट घातला आणि डोक्यावरून नीलावहिनींची काळी शाल घेतली. मोबाइल काचेला सरळ टेकवला. हवालदार आला. अगदी समोरून आला. समोरून मासा म्हणजे उभी ठेवलेली सुरीच, पण दोन्ही बाजूंनी दोन डोळे डोकावत होते. भाऊंचा ऊर भरून आला. एवढ्यात ॲपमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “कृपया डोळे मिटा.”

माशाला पापण्या नसतात.

“कृपया डोळे मिटा.”

भाऊंनी शालीतून तोंड बाहेर काढून स्वतःचे डोळे मिटून दाखवले. उघडले. पुन्हा मिटले. हवालदार अग्रलेख ऐकावा तसा एकाग्रतेने बघत राहिला. बाईने तिसऱ्यांदा विनंती केली आणि मग निर्णय दिला : ‘रहिवासी हयात नसल्याचे आढळले. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.’

सहभागी होण्याची व्यवस्था ॲपने आपोआप केलेली होती. सोसायटीच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आली, सोबत नोंदीतला फोटो. म्हणजे भाऊंचा, कपाळावर मासा असलेला. ॐ शांती, ॐ शांतीची रांग लागली. कोणीतरी पुढे पाठवलेला फोटो बघून माजिवड्याहून नीलावहिनींची मावसबहीण हार घेऊन आली. दार भाऊंनीच उघडलं. ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, “भाऊजी, असे कसे हो गेलात!”

“मी गेलो नाही, हेमा. मी इथेच आहे.”

“तुमचा स्वभावच तसा,” ती डोळे पुसत म्हणाली. “शेवटपर्यंत काही मान्य केलं नाहीत.”

जाताना तिने हार मात्र फोटो सापडेना म्हणून त्यांच्याच गळ्यात घातला.

गेटचा प्रश्नही निकाली निघाला. मयत रहिवाशाला पट्टा लावूनही आत सोडता येत नाही, त्यामुळे भाऊंनी बाहेर जाणंच बंद केलं. त्यांनी सर्वेशला व्हिडिओ कॉल करून मासा जिवंत असल्याचं दाखवलं. सर्वेशने ते पाहून घेतलं. मग म्हणाला, “काका, मला पण दिसतोय हो तो पोहताना. पण माझ्या पाहण्याला काय अर्थ आहे?” मयताचं पाणी इमारतीत साठवून ठेवणं आरोग्याला घातक, म्हणून टाकी हटवण्याचा विषय वार्षिक सभेपुढे ठेवण्यात आला.

“बाप रे,” केदार म्हणाला. त्याने मघापासून हातातल्या मोबाइलकडे पाहिलं नव्हतं. “मग?”

“मग काय! सभेचा दिवस.” भाऊ बाकावर सरसावून बसले. “हॉल गच्च भरलेला. सर्वेशने ठराव वाचला. सगळे गप्प. मी बघितलं, माझ्या हवालदाराचा जीव जातोय आणि कोणी मान वर करत नाहीये. तसा ताडकन उठलो. म्हटलं, ‘थांबा! मला हा ठराव मान्य नाही! जो डोळ्यांना जिवंत दिसतो त्याला मेलेला ठरवणारे तुम्ही कोण?’ सन्नाटा! मग मागून एक टाळी. मग दुसरी. मग अख्खा हॉल उभा राहिला. ठराव तिथल्या तिथे फेटाळला आणि—”

“खोटं!”

शीलाताईंनी मटाराची पिशवी बाजूला ठेवली होती.

“पट्टा खरा, हार खरा, तुमचं मरणसुद्धा मी चालवून घेतलं. पण सभेत कोणी उठलं? तेही तुम्ही? अहो, तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत होतात. ठराव एकमताने पास झाला. मासा सध्या टिटवाळ्याला नीलाच्या भावाकडे आहे, त्यांच्या बिल्डिंगला अजून ॲप आलेलं नाही म्हणून. सर्वेशने विचारलं, अनुमोदक कोण? आणि भाऊ, तुम्ही नेहमीसारखा हात वर केलात. सभेचं इतिवृत्त वाचून बघा हवं तर, अनुमोदक म्हणून तुमचंच नाव लागलंय.”

भाऊंनी पिशवीतली एक मटारची शेंग उचलून सोलायला घेतली.

“आणि सूचक?” केदारने विचारलं.

“मी,” शीलाताई म्हणाल्या. “ठराव कशाचा होता ते मला घरी गेल्यावर कळलं. सभेनंतरचे वडे गार होत चालले होते हो!”